कपाटबंद चित्रफिती आणि गप्प राहिलेला कायदा

गेल्या हिवाळ्यात उत्तर भारतातील एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी एक चित्रफीत पाहण्यासाठी गेलो होतो. १९८७ च्या भीषण दुष्काळात राजस्थानातील गावोगावी सरकारी मदतकामे निघाली होती. खडी फोडायची, तळी खोदायची, रस्त्यावर भराव टाकायचा, अशी ती कामे. त्यांवर राबणाऱ्या बायकांच्या मुलाखती एका लहानशा स्वयंसेवी गटाने व्हीएचएस कॅसेटवर चित्रित केल्या होत्या. पुढे तो गट विस्कटला. त्याच्या उरल्यासुरल्या कार्यकर्त्यांनी चाळीसेक कॅसेटी दोन पत्र्याच्या पेट्यांत भरून या ग्रंथालयाच्या स्वाधीन केल्या. सूचीत त्यांची रीतसर नोंद आहे आणि प्रत्येक कॅसेटच्या पाठीवर शाईने गावाचे नाव आणि तारीख लिहिलेली आहे. मला हवी होती ती कॅसेट कपाटात जागच्या जागी होती. फक्त ती पाहण्याची सोय नव्हती.

ग्रंथपाल सज्जन होते. त्यांनी सांगितले की ग्रंथालयाचा व्हीसीआर काही वर्षांपूर्वी बंद पडला आणि त्याचे हेड आता कुठेच मिळत नाही. मी सुचवले की कॅसेटचे डिजिटल रूपांतर माझ्या खर्चाने करून घेऊ. एक प्रत ग्रंथालयाला राहील आणि मी ती इथेच बसून पाहीन. त्यावर त्यांनी टेबलाच्या खणातून विधी सल्लागाराचे एक जुने टिपण काढून माझ्यापुढे ठेवले. हक्कधारकाच्या लेखी परवानगीशिवाय कोणत्याही ध्वनिचित्रफितीची प्रत काढू नये, असा त्याचा आशय होता. हक्कधारक कोण, असे मी विचारले. ते म्हणाले, ‘‘तो गट.’’ तो गट तर आता अस्तित्वातच नाही, असे मी म्हटल्यावर ते हसले. ‘‘म्हणूनच परवानगी मिळत नाही.’’

या उत्तरात विनोद आहे, पण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. देशातील शेकडो ग्रंथालये, विद्यापीठे आणि संशोधन संस्था आज याच कोंडीत सापडलेल्या आहेत. ज्याची परवानगी घ्यायची तो सापडत नाही. ज्याच्याकडे वस्तू आहे त्याला ती वाचवण्याचा अधिकार आहे की नाही, हे कोणी खात्रीने सांगत नाही. आणि मधल्या काळात ती वस्तू कपाटातल्या कपाटात नष्ट होत असते.

फितीवर काय आहे?

जुन्या व्हिडिओ कॅसेटी म्हटले की आपल्याला शनिवारी रात्री भाड्याने आणलेला व्हीसीआर आणि पहाटेपर्यंत लागोपाठ पाहिलेले तीन चित्रपट आठवतात. त्या चित्रपटांची चिंता करण्याचे फारसे कारण नाही. बहुतेकांच्या मूळ प्रती फिल्मवर आहेत. त्यांतल्या पुष्कळ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत, आणि त्यांच्या जतनासाठी राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानातून मोठा निधीही उपलब्ध झाला आहे. प्रश्न आहे तो केवळ फितीवरच जन्मलेल्या आणि दुसरीकडे कुठेही नसलेल्या चित्रणाचा.

१९८० च्या दशकात भारतात व्हिडिओ स्वस्त झाला आणि ज्यांच्या हाती तोवर कॅमेरा कधीच आला नव्हता त्यांच्या हाती तो आला. १९८४ मध्ये अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेने भाजी विकणाऱ्या आणि मजुरी करणाऱ्या बायकांना व्हिडिओचे प्रशिक्षण दिले. त्यांतल्या अनेकींना अक्षरओळखही नव्हती. तरीही त्यांनी स्वतःच्या व्यवसायाचे, पोलिसांच्या त्रासाचे आणि न्यायालयीन लढ्यांचे चित्रण केले. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केले आणि त्यासाठी देशभरच्या माध्यम केंद्रांतून शैक्षणिक कार्यक्रम तयार होऊ लागले. त्याआधी, १९७५-७६ मध्ये, ‘साइट’ या उपग्रह प्रयोगातून सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणी पोचली होती. शेती, आरोग्य आणि शिक्षण या विषयांवर तिथे काय सांगितले गेले, हा विकासाच्या इतिहासाचा मूळ दस्तऐवज आहे.

त्यानंतर आली व्हिडिओ वृत्तमासिके. आजच्या तरुण पत्रकारांना हे सांगितले तर खरे वाटत नाही, पण १९८८ पासून काही वर्षे या देशातील स्वतंत्र दूरचित्रवाणी पत्रकारिता कॅसेटवर विकली आणि भाड्याने दिली जात होती. आकाशवाणी आणि दूरदर्शन सरकारच्या ताब्यात होते. खासगी वाहिन्या अजून यायच्या होत्या. त्या पोकळीत ‘न्यूजट्रॅक’, हिंदीतील ‘कालचक्र’ आणि नंतर ‘आयविटनेस’ अशी वृत्तमासिके निघाली. मंडल आयोगाविरोधातील आंदोलन, अयोध्येकडे निघालेले जथे, काश्मीर आणि पंजाब यांविषयी सरकारी पडद्यावर जे दिसत नव्हते ते या कॅसेटींवर दिसत होते. या अंकांना सेन्सॉरचे प्रमाणपत्रही घ्यावे लागे आणि त्यावरून वादही झडत. नव्वदच्या दशकाच्या राजकारणावर पुस्तके लिहिणाऱ्याला त्या वर्षांतली वर्तमानपत्रे सूक्ष्मपटावर मिळतात. हे अंक मात्र बहुतेक ग्रंथालयांत मिळत नाहीत, आणि जिथे आहेत तिथे ते लावून पाहण्याचे यंत्र नाही.

ज्या कॅसेटसाठी मी गेलो होतो तिचेही महत्त्व याच प्रकारचे. मदतकामांवरील मजुरीचा सरकारी इतिहास कागदावर आहे. हजेरीपट आहेत, खर्चाची विवरणपत्रे आहेत, जिल्हाधिकाऱ्यांचे अहवाल आहेत. त्या हजेरीपटांतील खोट्या नोंदींविरुद्ध पुढे राजस्थानातच १९९० मध्ये स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने आवाज उठवला, जनसुनवाया घेतल्या, आणि त्या मंथनातून २००५ चा माहिती अधिकार कायदा साकारला. रोजगार हमीचा केंद्रीय कायदाही त्याच वर्षीचा. महाराष्ट्राने तर रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्येच केला होता. त्यामुळे हजेरीपट आणि त्यावरचा अंगठा म्हणजे काय, हे मराठी वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. पण या इतिहासात सरकारची बाजू कागदावर आहे आणि मजुरांची बाजू फितीवर. त्यांतला कागद आपण जपला.

फितीचे आयुष्य

चुंबकीय फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकटद्रव्याने बसवलेले धातूचे सूक्ष्म कण. हवेतील दमटपणाने ते चिकटद्रव्य हळूहळू विघटित होते, फीत चिकट होते आणि यंत्रात फिरताना तिच्यावरचा थर खरवडून निघतो. वर्षाचे चार महिने ज्यांच्या कपाटांना बुरशी येते, अशा आपल्या ग्रंथालयांत ही क्रिया अधिक वेगाने होते. जाणकार साधारणपणे अशा फितीचे भरवशाचे आयुष्य दहा ते तीस वर्षे मानतात. १९८७ ची फीत ती मर्यादा केव्हाच ओलांडून गेली आहे.

यंत्रांची स्थिती त्याहून वाईट. व्हीसीआर बनवणारी शेवटची ज्ञात कंपनी, जपानची फुनाई, हिने सुटे भाग मिळत नसल्याचे कारण देऊन जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. सोनीने त्याच वर्षी बीटामॅक्स कॅसेटीही बंद केल्या. ज्या यू-मॅटिक फितींवर सत्तर-ऐंशीच्या दशकांतील बरेच व्यावसायिक चित्रण आहे, तिची चालू यंत्रे बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत आणि ती दुरुस्त करू शकणारे तंत्रज्ञ निवृत्त होत आहेत. युनेस्कोने ध्वनी व दृक्श्राव्य अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसह २०१९ मध्ये चुंबकीय फितींविषयी जगाला सावध करणारी मोहीम हाती घेतली, तेव्हा २०२५ च्या सुमारास फिती वाचणारी यंत्रे व्यवहारात दुर्मीळ होतील, असे या क्षेत्रातल्या लोकांचे मत होते. ते वर्ष उलटून गेले.

शिवाय हे काम घाईने उरकता येत नाही. पुस्तकाची पाने यंत्र झरझर टिपते. फीत मात्र जितक्या तासांची तितकेच तास चालवावी लागते. एका तासाचे चित्रण आकसून न घेता साठवायचे तर सुमारे १०० गिगाबाइट जागा लागते. चाळीस कॅसेटींना महिनाभराचे लक्षपूर्वक काम लागेल. चाळीस हजारांना किती लागेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

आता ही कालगणना कायद्याच्या कालगणनेशेजारी ठेवून पाहू. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘चलच्चित्रपट’ या संज्ञेत व्हिडिओचाही समावेश आहे, आणि त्यावरील स्वामित्व हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅसेटवरचा हक्क २०४८ च्या अखेरीस संपेल. फीत तीस वर्षांची आणि तिच्यावरचा हक्क साठ वर्षांचा! ज्या दिवशी ती कॅसेट सर्वांची होईल, त्या दिवशी तिच्यावर काहीही शिल्लक नसेल.

कायदा काय म्हणतो

मी वकील नाही. पण त्या ग्रंथालयातून परतल्यावर कायदा काढून वाचला आणि काही जाणत्या वकिलांशी बोललो. तेव्हा लक्षात आले की कायद्याने सरसकट मनाई केलेली नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये एक उपखंड घातला गेला. त्यानुसार अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत आधीपासून असेल, तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक साधनाने कोणत्याही माध्यमात साठवणे हा हक्कभंग ठरत नाही. ही तरतूद केवळ पुस्तकांपुरती नाही. ती कोणत्याही कृतीला लागू होते. त्या विधी सल्लागाराचे टिपण या दुरुस्तीच्या आधीचे असावे, किंवा दुरुस्ती त्यांच्या वाचनात आली नसावी.

परंतु हा उपखंड एका वाक्याचा आहे, आणि त्या वाक्यात जे नाही तेच ग्रंथपालाला भेडसावते.

पहिली गोष्ट म्हणजे ‘अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालय’ कशाला म्हणायचे, याची व्याख्या कायद्यात नाही. गावातले अनुदानित वाचनालय त्यात बसेल, हे उघड आहे. पण ज्यात फक्त विद्यार्थी व संशोधकांना प्रवेश आहे असे विद्यापीठाचे ग्रंथालय? संगीत-नाटकाच्या ध्वनिचित्रमुद्रणांचा खासगी न्यासाने चालवलेला संग्रह? संग्रहालय? जिथे फिती खरोखर आहेत त्या संस्थांविषयीच ही शंका आहे.

दुसरी गोष्ट: तरतूद जतनाला परवानगी देते, पाहण्याविषयी बोलत नाही. प्रत करून ती सर्व्हरवर ठेवली; पुढे काय? संशोधकाला ग्रंथालयातल्या पडद्यावर ती दाखवली तर तो ‘जनतेपर्यंत पोचवणे’ ठरतो का? कायद्यातील या संज्ञेची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की एखाद्याने प्रत्यक्ष पाहिले नाही, तरी पाहण्यासाठी उपलब्ध करून देणे पुरेसे ठरते. व्यक्तिगत संशोधनासाठी उचित वापराची मुभा कलम ५२ मध्येच आहे आणि तिचा आधार घेता येईल, असे काही वकील म्हणतात. घेता येईल, पण तो न्यायालयात घ्यायचा बचाव आहे, आणि ग्रंथपालाला न्यायालयात जायचे नसते.

तिसरी गोष्ट ‘डिजिटल नसलेली प्रत’ या शब्दांतली. व्हीएचएस आणि यू-मॅटिक त्यात बसतात. पण १९९५ नंतर आलेली मिनी-डीव्ही कॅसेट? तीही चुंबकीय फीतच आहे, तितकीच नाजूक आहे, तिची यंत्रेही नाहीशी होत आहेत. मात्र तिच्यावरील नोंद तांत्रिकदृष्ट्या डिजिटल आहे. एकेकाळी गल्लोगल्ली मिळणाऱ्या व्हीसीडीचेही तेच. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून माहितीपटकारांनी आणि चळवळींनी केलेले बरेचसे चित्रण मिनी-डीव्हीवर आहे. शब्दशः वाचले तर २०१२ च्या तरतुदीचे छत्र त्यावर नाही. डिजिटल वस्तू अमर असते, असे त्या वाक्याच्या कर्त्यांनी गृहीत धरलेले दिसते.

चौथी गोष्ट कामाच्या पद्धतीची. ग्रंथालयाकडे यंत्र नाही म्हणून ते कॅसेट बाहेरच्या तंत्रज्ञाकडे देणार. मग साठवण ‘ग्रंथालयाने’ केली असे म्हणायचे का? एका ग्रंथालयाची प्रत खराब झाली आहे आणि दुसऱ्याकडची चांगली आहे. दोघांनी मिळून एक पूर्ण प्रत तयार करावी का? तरतूद गप्प आहे. विकल्या गेलेल्या काही कॅसेटींवर ‘मॅक्रोव्हिजन’सारखी नक्कल रोखणारी योजना असे. २०१२ च्याच दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने असे संरक्षण भेदणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. जतनासाठी भेदणे गुन्हा नाही, असा अर्थ त्यातून निघतो खरा. पण तो अर्थ काढण्याची जोखीम कोणी घ्यायची?

जोखीम लहान नाही. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला कलम ६३ अन्वये सहा महिने ते तीन वर्षांची कैद सांगितली आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. निवृत्तीला तीन वर्षे उरलेला ग्रंथपाल एका संशोधकाच्या लेखासाठी हे ओझे अंगावर का घेईल? कायद्याने ‘नाही’ म्हटलेले नाही, पण ‘हो’ही म्हटलेले नाही. आणि आपल्या सरकारी संस्थांत ज्याला कायद्याने स्पष्ट ‘हो’ म्हटलेले नाही ते ‘नाही’ असेच वाचले जाते.

मालक न सापडणाऱ्या कृतींसाठी कलम ३१अ मध्ये वेगळा मार्ग आहे. लेखक मृत, अज्ञात किंवा बेपत्ता असेल तर सक्तीचा परवाना मागता येतो. पण त्याआधी देशाच्या मोठ्या भागात खप असलेल्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते, मग अर्ज करायचा, शुल्क भरायचे. २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ बरखास्त झाल्यापासून हे काम न्यायालयांकडे गेले आहे. राजस्थानी बोलीत बोलणाऱ्या निरक्षर बायकांच्या मुलाखतींसाठी इंग्रजी दैनिकात जाहिरात! चित्रपटाचे पुनःप्रकाशन करू पाहणाऱ्या कंपनीला हा मार्ग परवडेल. चाळीस कॅसेटी आणि दोन शिपाई असलेल्या विभागाला परवडणार नाही.

दुसरी बाजू

हक्कधारकांची भीती खोटी नाही, हेही नमूद करायला हवे. व्हिडिओ भारतात आला तोच चोरीचा हात धरून. ऐंशीच्या दशकात चित्रपट गृहात लागण्याआधी त्याची कॅसेट गल्लीतल्या व्हिडिओ पार्लरमध्ये पोचत असे. त्यामुळेच १९८४ मध्ये संसदेने कायदा कडक केला, शिक्षा वाढवल्या आणि प्रत्येक व्हिडिओ कॅसेटवर निर्माता व हक्कधारक यांचे नाव-पत्ता छापणे बंधनकारक केले. आज त्या वेष्टनांवरचे पत्ते पाहिले की जाणवते, त्यांतली बरीच दुकाने आणि कंपन्या आता त्या पत्त्यांवर नाहीत. चोराला पकडण्यासाठी छापलेला पत्ता मालकाला शोधण्याच्याही कामी येत नाही.

स्वतंत्र माहितीपटकारांचे म्हणणे मी अधिक गांभीर्याने घेतो. त्यांनी कर्ज काढून चित्रपट केले, वितरक मिळाला नाही म्हणून कॅसेटी स्वतः खांद्यावरून वाहिल्या, आणि आज त्यांच्या उत्पन्नाचा तोच एक लहानसा स्रोत आहे. ग्रंथालयाने केलेली प्रत उद्या फुकट सर्वत्र फिरू लागली तर? याहून नाजूक प्रश्न चित्रणात दिसणाऱ्या माणसांचा आहे. दंगलीत घर जळालेल्या बाईने १९९२ मध्ये एका कार्यकर्त्याच्या कॅमेऱ्यासमोर जे सांगितले, ते कोणाच्याही मोबाइलवर दिसावे, अशी संमती तिने दिली नव्हती. तेव्हा तशी कल्पनाही कोणी करू शकत नव्हते. लोककलावंतांचेही तसेच. कॉपीराइटची मुदत हा प्रश्न सोडवत नाही.

म्हणून ‘सगळे काही इंटरनेटवर टाका’ असे मी म्हणत नाही. जतन, ग्रंथालयात बसून पाहणे आणि जगभर प्रसार या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येकीला वेगळा नियम असावा. आज तिसरीच्या भीतीने पहिली अडली आहे.

इतरांनी काय केले

अमेरिकी कायद्याचे कलम १०८ ग्रंथालयांना मुभा देते, की ज्या स्वरूपात कृती आहे ते स्वरूपच कालबाह्य झाले असेल आणि नवी प्रत वाजवी किमतीत मिळत नसेल, तर तीन प्रती काढता येतील. डिजिटल प्रत मात्र ग्रंथालयाच्या आवारातच पाहायची. आणि ‘कालबाह्य’ म्हणजे काय हेही तिथे सांगितले आहे: ते वाचणारे यंत्र आता तयार होत नाही किंवा बाजारात सहज मिळत नाही. ब्रिटनने २०१४ मध्ये जतनाची सवलत पुस्तकांपलीकडे नेऊन चित्रपट आणि ध्वनिमुद्रणांना लागू केली व संग्रहालये आणि अभिलेखागारांनाही तीत घेतले. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशातून वारसा संस्थांना आपल्या संग्रहातील कोणत्याही कृतीची, कोणत्याही माध्यमात, जतनासाठी प्रत काढण्याची मुभा सर्व सदस्य देशांना बंधनकारक केली. हे काम बाहेरच्या तंत्रज्ञाकडून करून घेता यावे, हेही त्या निर्देशाच्या प्रास्ताविकात लिहून ठेवले. या देशांत चित्रपटउद्योग बुडाला नाही.

स्वामित्व हक्काच्या बाबतीत भारत जगाच्या मागेच असतो, असेही नाही. दृष्टिहीनांना पुस्तके उपलब्ध व्हावीत यासाठीच्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या प्रसिद्ध खटल्यात २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिक्षणासाठीच्या सवलतीचा उदार अर्थ लावला. तत्त्व आपल्याकडे आहे. ते फितीपर्यंत पोचलेले नाही, इतकेच.

काय करता येईल

कलम ५२ मधील त्या एका वाक्याची दुरुस्ती फार अवघड नाही. ‘ग्रंथालय’ या शब्दात अभिलेखागारे, संग्रहालये आणि शैक्षणिक संस्था स्पष्टपणे घ्याव्यात. ‘डिजिटल नसलेली’ या शब्दांऐवजी ‘कालबाह्य किंवा नष्ट होऊ घातलेल्या स्वरूपातील’ असे शब्द घालावेत. बाहेरच्या तंत्रज्ञाकडून काम करून घेणे व संस्थांनी प्रती एकत्र आणणे यांना मुभा द्यावी. बाजारात विकत मिळत नसलेली कृती संस्थेच्या आवारात, एका वेळी एका वाचकाला, नक्कल न करता पाहता येईल, असे एक वाक्य जोडावे. हक्कधारक पुढे आला तर त्याच्या मागणीनुसार पाहण्याची सोय थांबवता यावी. जतन केलेली प्रत मात्र नष्ट केली जाऊ नये.

दुसरे काम १९५४ च्या कायद्याचे आहे. त्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाने पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ग्रंथालयांना देणे बंधनकारक केले. पुढे वर्तमानपत्रेही त्यात आली. दृक्श्राव्य साहित्य कधीच आले नाही. पुस्तक छापणाऱ्यावर बंधन आहे, पण वृत्तमासिकाची कॅसेट विकणाऱ्यावर नव्हते. त्या चुकीची भरपाई मागे जाऊन होणार नाही, पुढची तरी टाळता येईल.

तिसरे काम सरकारच्या स्वतःच्या मालकीचे आहे. दूरदर्शन, विद्यापीठ अनुदान आयोगाची माध्यम केंद्रे आणि विविध खात्यांनी करदात्यांच्या पैशातून केलेल्या कार्यक्रमांवर हक्क सार्वजनिक संस्थांचाच आहे. टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले तेव्हा जुन्या साठ्याला किती प्रेक्षक आहेत हे दिसले. पण ‘रामायण’ लोकप्रिय होते म्हणून टिकले. फीत महाग होती तेव्हा जुने चित्रण पुसून तिच्यावरच नवे केले जाई, आणि ज्याला जाहिरातदार नव्हते ते आधी पुसले जाई. जे उरले आहे त्याची यादी प्रसिद्ध करणे आणि ग्रंथालयांना त्याच्या जतनाची व अभ्यासासाठी दाखवण्याची सरसकट परवानगी देणे, यासाठी संसदेची गरज नाही; एक परिपत्रक पुरेल.

चौथे काम पैशाचे आणि यंत्रांचे. प्रत्येक ग्रंथालयाने जुना व्हीसीआर शोधत फिरण्यापेक्षा चार-पाच प्रादेशिक केंद्रांत चालू यंत्रे, सुटे भाग आणि ती जाणणारी माणसे एकत्र आणावीत. फिल्मच्या जतनाचा अनुभव असलेले पुणे हे त्यांतले एक स्वाभाविक ठिकाण. २००३ च्या जानेवारीत तिथे लागलेल्या आगीत मूकपटांच्या काळापासूनच्या कितीतरी नायट्रेट फिल्म जळून गेल्या, त्याची हळहळ आपण अजून व्यक्त करतो. फितींना आग लागत नाही. त्या आवाज न करता जातात, म्हणून बातमी होत नाही.

आणि ग्रंथालयांना तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. २०१२ च्या तरतुदीने जेवढे दिले आहे तेवढे तरी वापरावे. आपल्याकडे कोणत्या फिती आहेत याची यादी करावी, ज्या इतरत्र कुठेच नाहीत त्यांना आधी हात घालावा, आणि प्रत करून ठेवावी. पाहण्याचा प्रश्न उद्या सुटेल. उद्यापर्यंत पाहण्यासारखे काही उरले पाहिजे.

मी त्या ग्रंथालयात महिन्याभराने पुन्हा गेलो. या वेळी जुन्या बाजारातून विकत घेतलेला, दुरुस्त केलेला एक व्हीसीआर बरोबर नेला होता. कॅसेट लावून पाहण्यात प्रत काढणे नव्हते, त्यामुळे ग्रंथपालांची हरकत नव्हती. मोबाइल मात्र त्यांनी टेबलाच्या खणात ठेवायला सांगितला आणि चित्रण करणार नाही असे लिहून घेतले. पडद्यावर आधी रेघा आल्या, मग ऊन, खडीचा ढीग, आणि डोक्यावरचा पदर दातांत धरलेली एक बाई. किती दिवस काम केले, असे तिला कोणी विचारले. तिने घराच्या भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघा दाखवल्या आणि एकेक रेघ बोटाने मोजत सांगू लागली: हा दिवस हजेरीपटावर आहे, हा नाही, हाही नाही. अकरा मिनिटांनी चित्र थरथरले, आवाज खोल गेला आणि यंत्र थांबले. कॅसेट बाहेर काढली तेव्हा हेडवर तपकिरी भुकटी बसली होती. ती भुकटी म्हणजे फितीवरचा थर होता. आम्ही पाहिले तेवढे पाहताना झिजवलेही होते.

ग्रंथपालांनी ते हेड स्पिरिटने पुसले आणि कॅसेट पुन्हा लावू नये असे सुचवले. मला ते पटले. माझ्या वहीत त्या अकरा मिनिटांची चार पाने आहेत. त्या बाईने भिंतीवर एकूण किती रेघा ओढल्या होत्या, हे मात्र माझ्या वहीत नाही. तिचे मोजणे पुरे व्हायच्या आतच फीत थांबली. उरलेल्या रेघा त्या कपाटात आहेत, आणि त्या मोजण्याची मुभा कायदा मोघमपणे देतो की मोघमपणे नाकारतो, हे ठरवण्याइतका वेळ त्या फितीकडे नाही.